लाच, भेट आणि अमानत : भ्रष्टाचाराचा अर्थ व कायदेशीर व्याख्या

आपल्या देशात भ्रष्टाचाराला आळा घालणारा जो मुख्य कायदा आहे, त्याच्या नावातच 'भ्रष्टाचार' हा शब्द आहे : भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. महाराष्ट्रात आपण त्याला लाचलुचपत प्रतिबंधक कायदा म्हणून ओळखतो. वाचकांना आश्चर्य वाटेल, परंतु या कायद्यातील व्याख्यांच्या कलमात लोकसेवक कोण, सार्वजनिक कर्तव्य कोणते, अनुचित लाभ कशाला म्हणावे, हे सर्व सांगितलेले आहे. 'भ्रष्टाचार' म्हणजे काय, ते मात्र सांगितलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००३ साली संमत केलेला आणि भारताने २०११ मध्ये मान्य केलेला भ्रष्टाचारविरोधी करार पाहिला, तर तेथेही हाच प्रकार आढळतो. कोणकोणती कृत्ये गुन्हा समजावीत याची यादी आहे, मूळ शब्दाची व्याख्या नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे. शब्द फार मोठा आहे आणि न्यायालयाला मात्र मोजून-मापून शिक्षा द्यावयाची असते. 'भ्रष्ट' म्हणजे आपल्या योग्य स्थानापासून ढळलेले. असे आचरण तो भ्रष्टाचार. या अर्थाने खोटे माप देणारा दुकानदार, तासाला न येता पगार घेणारा शिक्षक आणि निकाल विकणारा न्यायाधीश हे सारेच त्यात येतात. पवित्र कुरआनातील 'फसाद' हा शब्द असाच व्यापक आहे. मदयनवासियांना हजरत शुऐब (अलै.) यांनी मापात आणि वजनात कमी न देण्याची ताकीद दिली, आणि त्याच दमात पृथ्वीवर फसाद न माजविण्यासही सांगितले (अल्-आराफ : ८५). तराजूच्या पारड्यातील चिमूटभर लबाडी आणि पृथ्वीवरील बिघाड यांचा असा थेट संबंध तेथे जोडलेला आहे.

परंतु या व्यापक शब्दाच्या पोटात शरीअतने नेमके शब्दही दिले आहेत. सार्वजनिक मालातून हिस्सेवाटणीपूर्वी काही लपवून ठेवणे, याला 'गुलूल' म्हणतात. निषिद्ध मार्गाने खाल्लेल्या कमाईला 'सुहत' म्हटले आहे. या धातूचा अर्थ मुळासकट नष्ट करणे असा होतो. आणि तिसरा शब्द 'रिश्वत'. अरबी कोशकार त्याचा संबंध 'रिशा' या शब्दाशी जोडतात. रिशा म्हणजे विहिरीतून पोहरा वर ओढण्याचा दोर. पाणी खोल आहे, हात पोचत नाही, म्हणून दोर सोडावयाचा. तसेच ज्या गोष्टीपर्यंत आपला हक्क किंवा आपली पात्रता पोचत नाही, तेथे पैशाचा दोर सोडावयाचा. 'चहापाणी', 'खर्चापाणी', 'हात ओले करणे' या आपल्या बोलीतील शब्दांतही पाणी आहेच, हा एक योगायोग.

फिकहच्या ग्रंथांत रिश्वतची व्याख्या साधारणपणे अशी केली जाते : न्यायाधीशाने अथवा अन्य अधिकाऱ्याने आपल्या बाजूने निर्णय द्यावा किंवा आपल्या मनासारखे करावे, म्हणून त्याला जे दिले जाते ती रिश्वत. अल्-बकरा या सूरहच्या १८८ व्या आयतीत एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास मनाई आहे, आणि लोकांच्या मालाचा काही भाग जाणूनबुजून गिळंकृत करता यावा म्हणून ती संपत्ती अधिकाऱ्यांपर्यंत पोचविण्यासही मनाई आहे. 'जाणूनबुजून' या अटीकडे लक्ष द्यावे. निकाल आपल्या बाजूने लागला की माल आपला झाला, असे समजणाऱ्यांसाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा खुलासा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. आपण जे ऐकतो त्यावरून निर्णय देतो, आणि एखाद्याच्या वाक्चातुर्यामुळे त्याच्या भावाचा हक्क त्याला दिला गेला, तर तो आगीचा तुकडाच त्याच्या पदरी पडतो, असा त्याचा आशय आहे. खुद्द प्रेषितांच्या निकालानेही हराम वस्तू हलाल होत नसेल, तर तहसील कार्यालयाच्या शिक्क्याने ती कशी होईल?

आता देशाच्या कायद्याची भाषा पाहू. २०१८ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २६ जुलै २०१८ पासून ती लागू आहे. तिचा केंद्रबिंदू आहे 'अनुचित लाभ'. लोकसेवकाला त्याच्या कायदेशीर मोबदल्याखेरीज मिळालेले कोणतेही परितोषण म्हणजे अनुचित लाभ. हे परितोषण पैशातच असावे किंवा त्याची पैशात किंमत करता यावी, असे बंधन नाही. मुलाला नोकरी, सहकुटुंब सहल, घराच्या बांधकामावर फुकट पाठविलेल्या विटा, सर्व त्यात बसू शकते. कलम ७ नुसार, आपले सार्वजनिक कर्तव्य अयोग्य रीतीने किंवा अप्रामाणिकपणे पार पाडण्याच्या, अथवा ते टाळण्याच्या हेतूने लोकसेवकाने असा लाभ मिळविणे, स्वीकारणे किंवा मिळविण्याचा नुसता प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कारावास, आणि दंड.

या कलमाखालील स्पष्टीकरण फार महत्त्वाचे आहे. लाभ घेणे किंवा मागणे हाच मुळात गुन्हा. पुढे काम बरोबर केले की चुकीचे, याने फरक पडत नाही. कायद्याने स्वतःच उदाहरण दिले आहे. एक लोकसेवक एका माणसाकडे त्याच्या शिधापत्रिकेच्या नेहमीच्या अर्जावर वेळेत कार्यवाही करण्यासाठी पाच हजार रुपये मागतो. काम कायदेशीर, अर्जदार पात्र, तरीही लोकसेवक दोषी. संसद सदस्य आणि आमदारांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी हेच तत्त्व मान्य केले. मत देण्यासाठी पैसे घेतले की गुन्हा तेथेच पूर्ण होतो; ठरल्याप्रमाणे मत दिले की नाही, हा प्रश्न उरत नाही. हनफी फकीहांनी न्यायाधीशाच्या लाचेविषयी हीच गोष्ट शतकानुशतके आधी लिहून ठेवली आहे. लाच घेऊन दिलेला निकाल योग्य असला, तरीही घेणाऱ्यासाठी आणि देणाऱ्यासाठी ती हरामच.

'लोकसेवक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तलाठी, पोलीस किंवा नगरपालिकेचा कारकून येतो. कायद्याची व्याख्या त्याहून पुष्कळ विस्तृत आहे. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक संस्थेचा पदाधिकारी किंवा कर्मचारी हाही तिच्यात येतो. म्हणजे आपल्या अनुदानित उर्दू शाळेचे संस्थाचालक शिक्षकाच्या नेमणुकीसाठी 'देणगी' घेत असतील, तर ते आपल्या घरचेच प्रकरण मानून चालणार नाही. तसेच वक्फ कायदा, १९९५ च्या कलम १०१ मध्ये मुतवल्ली आणि वक्फच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनाही लोकसेवक मानले आहे. मशिदीच्या गाळ्यांचे भाडे ठरविताना बाजारभावापेक्षा कमी लिहायचे आणि फरक हातोहात घ्यायचा, हा प्रकार ज्या वस्तीत चालतो तेथील लोक सरकारी भ्रष्टाचारावर तावातावाने बोलताना मी ऐकले आहे. असो.

कायदा जेथे अनुचित लाभाची व्याख्या करतो, तेथे हदीसने एक कसोटी दिली आहे. ती कोणालाही, न शिकलेल्यालाही, लावता येते. प्रेषितांनी (स.) अज्द कबिल्यातील इब्ने लुतबिया या माणसाला बनू सुलैमकडे जकात वसूल करण्यासाठी पाठविले. तो परतला, हिशेब देऊ लागला आणि म्हणाला की हा माल तुमचा आणि हा मला भेट म्हणून मिळालेला. त्याने काही लपविले नव्हते. कोणाला धमकाविले किंवा काही मागितले, असेही हदीसमध्ये नाही. दोन्ही ढीग त्याने सर्वांसमक्ष वेगवेगळे मांडले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याचा व्यवहार पारदर्शक होता. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का, ते त्याने पाहायचे होते. जो असे काही घेईल तो कियामतच्या दिवशी ते आपल्या मानेवर वाहून आणील, मग तो उंट असो, गाय असो की बकरी, आणि ते जनावर ओरडत असेल, असेही त्यांनी सांगितले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

वाचकहो, या कसोटीची धार पाहा. ती देणाऱ्याचा हेतू विचारत नाही. हेतू सिद्ध करणे अवघड असते, हे प्रत्येक वकील जाणतो. ती रक्कम विचारत नाही. ती एवढेच विचारते की भेट माणसाला आली की खुर्चीला? बदली झाल्यावर दिवाळीची मिठाई आणि ईदचा शीरखुर्मा कोणाच्या घरी जातो, हे पाहिले की उत्तर मिळते. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी भेट नाकारली, तेव्हा प्रेषित (स.) भेटी स्वीकारीत असत याची त्यांना आठवण करून देण्यात आली. त्या काळी ती भेट होती, आज ती लाच आहे, असे त्यांच्या उत्तराचे तात्पर्य होते.

ज्याच्या हाती कारभार आहे, त्याच्या मालमत्तेत पडलेली अनाकलनीय भर हाही पुरावा मानावा काय? आपल्या कायद्याच्या कलम १३ मध्ये ज्ञात उत्पन्नाशी विसंगत मालमत्ता आढळली आणि तिचा समाधानकारक हिशेब देता आला नाही, तर ती बेकायदा मिळविली असे गृहीत धरता येते; शिक्षा चार ते दहा वर्षे. हजरत उमर (रजि.) नेमणुकीच्या वेळी राज्यपालांच्या मालमत्तेची नोंद करून ठेवीत आणि नंतर आढळलेल्या वाढीतील हिस्सा बैतुलमालमध्ये जमा करून घेत, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. तपासणीचे हे काम हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांच्याकडे असे. मिसरचे राज्यपाल हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्यासारखी मोठी व्यक्तीही त्यातून सुटली नाही.

येथपर्यंत घेणाऱ्याविषयी झाले. परंतु या मासिकाच्या बहुसंख्य वाचकांच्या हाती शिक्का नाही. ते खिडकीच्या अलीकडे उभे असतात. त्यांचा प्रश्न वेगळा आहे : मी दिली तर?

हदीसमध्ये लाच घेणारा आणि देणारा या दोघांवरही लानत आहे. मुस्नद अहमदमधील एका कथनात या दोघांमधील दलालाचाही समावेश आहे. २०१८ पूर्वी आपल्या कायद्यात देणाऱ्याला थोडे झुकते माप होते. आता कलम ८ नुसार देणाराही सात वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र आहे. अपवाद दोन. ज्याला देण्यास भाग पाडले गेले, त्याने दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळविले, तर तो दोषी नाही. आणि जो आधीच यंत्रणेला कळवून, सापळ्यासाठी म्हणून रक्कम देतो, तोही दोषी नाही. महाराष्ट्रात यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

शरीअतमध्येही मजबुराला सवलत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांना हबशात अडकवून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांनी दोन दीनार देऊन सुटका करून घेतली, असे कथन आहे. हनफी फकीह इब्ने आबिदीन (रह.) यांनी जीव किंवा माल वाचविण्यासाठी दिलेल्या रकमेचे पाप केवळ घेणाऱ्यावर ठेवले आहे. आपल्या कोकणातील बांधव ज्या शाफई मजहबचे अनुयायी आहेत, त्यातील इमाम नववी (रह.) यांचेही मत असे आहे की, दिल्याशिवाय स्वतःच्या हक्कापर्यंत पोचताच येत नसेल, तर देणाऱ्यावर दोष नाही. घेणाऱ्याला कोणीही सूट दिलेली नाही.

हीच सवलत आपल्या समाजात सर्वाधिक ताणली गेली आहे, आणि तिच्याविषयी मला स्वतःच्या अनुभवातून लिहिणे भाग आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी अब्बांच्या इंतकालनंतर गावाकडच्या जमिनीची वारस नोंद करावयाची होती. मृत्यूचा दाखला होता, वारसांचे प्रतिज्ञापत्र होते, भावाबहिणींत वाद नव्हता. कार्यालयातील कर्मचाऱ्याने दोन हजार रुपये 'खर्चाचे' म्हणून सांगितले. मी दिले. सायंकाळी घरी येऊन मी स्वतःला समजावले की हक्क माझाच होता, कोणाचे काही हिरावले नाही, फकीहांनी सवलत दिलीच आहे. त्यानंतर हा विषय अभ्यासण्याचा प्रसंग आला, तेव्हा सवलतीच्या अटी मी एकेक करून स्वतःला लावून पाहिल्या.

हक्क खरोखर आपला असावा, ही पहिली अट. ती पूर्ण होती. दुसऱ्याचे नुकसान होऊ नये, ही दुसरी. येथे मी अडखळलो. टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. माझा अर्ज वर आला म्हणजे कोणाचा तरी खाली गेला, आणि तो कोणाचा हे मला कधीच कळणार नाही. ज्याने दोन हजार दिले नाहीत, बहुधा त्याचाच. तिसरी अट, दुसरा मार्ग उरलेला नसावा. मार्ग होता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे; मुदत टळली तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि वर आयोग आहे. कोणत्याही कामासाठी वरिष्ठांकडे लेखी तक्रार करून पोच घेता येते. मी यातील काहीही केले नव्हते. मला रजा फक्त दोन दिवसांची होती. त्या दोन दिवसांना मी मजबुरी हे नाव दिले होते. इब्ने मसऊद (रजि.) परमुलखात अडकले होते, मी एस. टी. चुकू नये म्हणून घाईत होतो.

देशाच्या कायद्याच्या कसोटीवरही मी उतरलो नसतो. सात दिवसांत मी कोणाला कळविले नाही. तशी कल्पनाच मनात आली नाही, कारण रक्कम देऊन झाल्यावर मला राग आला नव्हता, हायसे वाटले होते. ज्याला भाग पाडले जाते त्याला चीड येते. ही खूण मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही, पण ती आपापल्या बाबतीत तपासून पाहण्यासारखी आहे.

त्याच कार्यालयाच्या व्हरांड्यात मी आणखी एक व्यवहार ऐकला होता. दोन भाऊ वारस नोंदीतून बहिणींची नावे गाळण्याविषयी बोलत होते. त्यासाठीचा आकडा माझ्या आकड्याच्या कितीतरी पट होता, आणि ते साहजिक आहे. अल्-बकरातील आयत वाचताना मला नेहमी तो व्हरांडा आठवतो. लोकांच्या मालाचा भाग खाता यावा म्हणून अधिकाऱ्यापर्यंत पोचविलेली संपत्ती, तीही जाणूनबुजून. कुरआनने अन्-निसा सूरहमध्ये मुलीचा हिस्सा स्वतः ठरवून दिलेला आहे. तो कागदावरून पुसण्यासाठी दिलेल्या पैशाला कोणत्याही मजहबमध्ये, कोणत्याही सवलतीखाली जागा नाही. अशा नोंदीवर पुढे कितीही वर्षे शेती केली, तरी बहिणीचा हिस्सा हा तिचाच राहतो आणि तो परत करणे वाजिब असते.

माझ्या दोन हजारांचे काय करावे, हे मी एका आलिमांना विचारले. ते म्हणाले की तौबा कर, आणि ज्याचा अर्ज मागे पडला असेल त्याच्यासाठी दुआ कर. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "त्या कार्यालयात तुझे काही काम आता राहिले आहे का?" राहिले होते. विहिरीच्या हिश्शाची नोंद चुकली आहे. तिच्या दुरुस्तीचा अर्ज मी गेल्या महिन्यात रीतसर दाखल केला, पोच घेतली. अद्याप काही उत्तर आलेले नाही.